फाईल बदलली आहे, तरी लिहू का?

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीने जेवढे द्यायचे असतात तेवढे सगळे दिले असं समज आणि पुढे वाच. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझे भावजी लोकांची कपाटं करताहेत आणि ते लोक रोज फोन करून "झालं का?" विचारताहेत. माझं म्हणशील तर चष्म्याचा नंबर वाढला, अक्कल होती तेवढीच आहे.

पाकीट बघून दचकली असशील. एका घरात वाढलेल्या, एका ऑफिसात नऊ वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत बसून प्रोग्राम लिहिलेल्या आपण दोघी, आणि ताईने पत्र लिहावं ते पेनाने. पण खरं सांगू? प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा ओळ न् ओळ उडवली. तिथे उडवणं फार सोपं असतं. फोन करावा तर तीन वर्षांत आपण फोनवर बोललो काय? "आईला दे." "देते." एवढ्यासाठी फोनचा शोध लागला नव्हता.

तर निमित्त असं झालं की साहेबांनी फर्मान काढलं. यापुढे ऑफिसात सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा, म्हणजे एकमेकांचं काम बघायला सोपं जाईल. आणि कोणता, तर तुझा. तोच, रंगीबेरंगी, ज्याला मी सर्कशीचा तंबू म्हणायचे. आपल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी टेस्टरबाई माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला तिचा चहा सांडावासा वाटला.

सव्वीस वर्षं मी काळ्या पडद्यावर काढली, भिंगरी. माझ्या एडिटरमध्ये एका कळेने लिहायला लागायचं, दुसरीने थांबायचं, आणि थांबलं की अक्षरंच हुकूम होतात. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर, कोलन-डब्ल्यू-क्यू म्हटलं की सेव्ह करून बंद. उंदराला हात लावायचं काम नाही. आता तुझ्या तंबूत बसले, खाली जायचं म्हणून जे दाबते, तर तो बापडा जे उमटवतो. परवा साहेबांना रजेचा अर्ज लिहिला: "दोन दिवसांची रजा मिळावी ही विनंती जेजेजेजे." आणि सहीच्या खाली कोलन-डब्ल्यू-क्यू. साहेबांनी रजा दिली, आणि वर विचारलं की हे माझं पदवीचं काही आहे का.

दुसरं दुखणं म्हणजे तो वाक्य पुरं करू देत नाही. मी दोन अक्षरं लिहिली की तो पुढचं सगळं लिहून मोकळा. अगदी आपली आत्या. तिच्यासारखंच निम्म्या वेळा बरोबरही असतं, त्याचा जास्त राग येतो. पण एक कबूल करते. एकाच वेळी वीस ओळींत वीस ठिकाणी लिहिता येतं ना, ते तू मला दाखवायला आली होतीस आणि मी "कामं नाहीत का?" म्हणाले होते. परवा ते करून बघितलं. वीसही ओळी एकदम बदलल्या. खुर्चीत एकटीच हसले.

घरातही हीच साथ आलीये. भावजी गिऱ्हाइकांचे अंदाज त्या जाडजूड लेखनाच्या प्रोग्राममध्ये लिहायचे. अर्धा तास अक्षरांचं वळण निवडण्यात जायचा, मग "कपाट, सहा फूट" एवढं लिहून दमायचे. त्यांना साधा एडिटर दिला. म्हणाले, "यात अक्षर ठळक कसं करायचं?" म्हटलं, "होत नाही. गिऱ्हाईक आलं की जोरात वाचून दाखवा." आता खूश आहेत. आई तर सगळ्यांच्या पुढे. तिची एकच फाईल आहे. गोळ्यांच्या वेळा, गॅसवाल्याचा नंबर, कोणत्या कुंडीला कधी पाणी, सगळं एकाखाली एक. शोधायचं असलं की शोधायची कळ दाबते. मी म्हटलं, वेगवेगळ्या फाईली कर. म्हणाली, "मग फाईली कुठे आहेत ते कुठे लिहू?" त्या फाईलमध्ये दर आठवड्याला एक ओळ असते: "धाकटीला फोन, शनिवार."

बरं, तुझा अर्ज आम्हाला कळला. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण केंद्राने साहेबांकडे तुझ्याबद्दल फॉर्म पाठवलाय. कोणती गाडी कुणाकडे धाडायची ते ठरवणारा प्रोग्राम, म्हणजे मोठंच काम. तीन वर्षं दुसऱ्यांच्या फाईली तपासत बसलीस, स्वतःची ओळ लिहिली नाहीस. आता लिहायला मिळणार. साहेबांनी फॉर्म माझ्याकडे दिला: "तुमचीच बहीण, तुम्हीच भरा." चौदा तारखेपर्यंत द्यायचाय. त्यात एक रकाना आहे, "कामात घडलेली गंभीर चूक." काळजी करू नकोस. त्याचं काय लिहायचं ते मी बघते.

मला फक्त तुझ्या त्या एडिटरच्या कळा लिहून पाठव. बाकी काही नको.

तुझी,
ताई

•

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल मिळालं. आईने आधी हातात घेऊन वजन केलं, मग म्हणाली, "दोन कागद आहेत. बोलली म्हणायची."

एका कागदावर सगळ्या कळा. इतक्या नीट, इतक्या सुबक, कोणती रोज लागेल आणि कोणती लक्षात ठेवली नाही तरी चालेल, तेही लिहिलंस. मी तो कागद पडद्याच्या कडेला चिकटवलाय. शिवाय तुझ्या तंबूत माझ्या जुन्या कळा चालू करायची सोय आहे, हे तू सांगितलंस आणि मी धन्य झाले. म्हणजे सर्कस तुझी आणि वाघ माझा. टेस्टरबाईला दाखवलं तर ती म्हणाली, मग एवढे दिवस रडत कशाला होतात.

दुसऱ्या कागदावर पाचच ओळी. त्यांतल्या दोन इथे तशाच उतरवते, कारण काल दुपारपासून त्याच डोक्यात आहेत. "ताई, चुकीच्या रकान्यात खरं तेच लिही. मी सेव्ह करायला विसरले आणि शहराच्या बसगाड्यांचे बोर्ड चुकले, हे मी मुलाखतीत स्वतःहून सांगितलंय. आता मी दर दोन ओळींना सेव्ह करते आणि तरी उठून परत येऊन बघते."

तू मुलाखतीत सांगितलंस. स्वतःहून. आणि तरी उठून परत येऊन बघतेस.

भिंगरी, आता जे लिहिते ते बसून वाच. चहा असेल तर बाजूला ठेव.

तो हिवाळी वेळापत्रकाच्या आधीचा शनिवार. डेपोतून फोन आला, अमुक गाडी किती वाजता सुटते. ते बघायला मी सकाळीच वेळापत्रकाची फाईल माझ्या एडिटरमध्ये उघडली. बघितलं, सांगितलं. शेवटी एक रिकामी ओळ उगाच लोंबत होती, ती काढली, ही माझी खोड तुला माहीत आहे. सेव्ह केलं नाही. खिडकी तशीच राहिली, तिच्यावर दुसऱ्या दहा खिडक्या चढल्या. तू पलीकडच्या खोलीत त्याच फाईलवर दिवसभर बसलीस. सगळ्या गाड्यांच्या नव्या वेळा भरल्यास, सेव्ह केलंस, दारातून हात हलवलास आणि गेलीस.

मी उशिरा निघाले. एकेक खिडकी बंद करत गेले, कोलन-डब्ल्यू-क्यू, कोलन-डब्ल्यू-क्यू, बोटं आपोआप चालतात. एक खिडकी बंद होईना. तिने विचारलं: "तुम्ही उघडल्यानंतर ही फाईल बदलली आहे, तरी लिहू का?"

मी "हो" दाबलं.

वाचलं नव्हतं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलेय. खोटं आहे. वाचलं होतं. पण वाटलं, मीच मघाशी काहीतरी केलं असेल, आणि मला घरी जायची घाई होती. सकाळची जुनी फाईल तुझ्या नव्या फाईलवर जाऊन बसली. सोमवारी शहरभरच्या बोर्डांवर उन्हाळ्याच्या वेळा झळकल्या, माणसं थंडीत पाऊण तास उभी राहिली, आणि डेपोचा साहेब दोन दोन पायऱ्या गाळत आपला जिना चढून आला.

तू म्हणालीस, "मी सेव्ह केलं होतं." आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या त्या सर्कशीने केलंच नसेल. नाहीतर तूच विसरली असशील." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर नाचणारी मी आणि अंगण तुझं. पण तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, एवढं तरी मान. तुझा चेहरा बघून मला वाटलं, आता हिला एडिटर निवडायचं शहाणपण येईल. हेच माझ्या मनात होतं, आणि ते आठवलं की अजून लाज वाटते.

दहा मिनिटांनी मी माझ्या खोलीत गेले, फाईल बघायला. माझा एडिटर जुना आहे पण मोठा चिकट. कशावरही लिहायच्या आधी, तिथे जे होतं त्याची एक प्रत बाजूला ठेवतो. ती प्रत मी उघडली. आत तुझं अख्खं काम होतं. नव्या वेळा, सगळ्याच्या सगळ्या.

त्या क्षणी उठून बाहेर यायचं होतं. बाहेर तू साहेबांपुढे उभी होतीस, दार अर्धं उघडं होतं, मला तुझा खांदा दिसत होता. पण दहा मिनिटांपूर्वी जे बोलले होते ते परत गिळायला जीभ तयार होईना. मी उठले ते दार लावायला.

तुझी प्रत जागेवर ठेवायला एक मिनिटही लागलं नाही. मग पंचाईत अशी की एका मिनिटात झालं हे सांगणार कसं? म्हणून दोन तास आत बसून राहिले, आणि बाहेर आवाज जावा म्हणून कळा बडवत होते. काय लिहीत होते सांगू? एकापासून आकडे. एक, दोन, तीन, खाली दुसरी ओळ. साडेसातशेपर्यंत पोचले. आज लिहिताना याचं हसू येतंय, आणि हसू येतंय म्हणून रडूही.

बाहेर आले तर साहेब म्हणाले, "अनुभव म्हणतात तो हा. दिवसभराचं काम दोन तासांत." मला खिडकीची खोली मिळाली ती त्याच आठवड्यात. आणि तू आलीस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून निभावलं." महिन्याभरात राजीनामा देऊन गेलीस. तू बोलायची थांबलीस असं मी सगळ्यांना सांगत आले. थांबले मी होते. तुझा आवाज ऐकला की तो हात आठवायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

नंतर ऑफिसात प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची पद्धत आली, कुणी, कधी, काय बदललं सगळं दिसतं. ती आणावी म्हणून सगळ्यांत जास्त भांडले मी. साहेब म्हणाले, ताईंना शिस्तीची फार आवड.

तुला वाटत आलं की तू विसरलीस. तू स्वतःच्या हातावर भरवसा ठेवणं सोडून दिलंस, ते माझ्यामुळे. हे मला कळत होतं. आई दर शनिवारी फोन ठेवून सांगायची, "धाकटी फार जपून जपून बोलते हल्ली," आणि मी भांडी घासायला उठायचे.

उद्या हे पत्र टाकेन, आणि उद्याच साहेबांना सांगेन. तुझ्याआधी त्यांना सांगितलं असतं तर ते फक्त नोकरीपुरतं झालं असतं.

ताई

•

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. आज हे लिहायला जरा धीर लागतोय, कारण ते देण्याचा मला किती अधिकार उरलाय माहीत नाही. पण सवयीने दिले, घेऊन टाक.

सोमवारी सकाळी टपालपेटीत पत्र टाकलं आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, घातला, परत काढला. मग विचारलं, "म्हणजे ते दोन तासांतलं काम..."

म्हटलं, "तिचंच होतं. मी फक्त दार लावलं होतं."

मला वाटलं, आता घरी पाठवतात, आणि खरं सांगते, पाठवलं असतं तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी ती मला रस्त्यात भेटली होती. नमस्कार केला तिने. मी दुसरीकडे बघितलं." एवढंच. मग फॉर्म मागितला. "गंभीर चूक" या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं: या व्यक्तीकडून एकही नाही, संबंधित चूक माझी होती, आणि खाली काय घडलं ते पाच ओळींत. साहेबांनी त्याखाली तीन ओळी स्वतः लिहिल्या, मला वाचू दिल्या नाहीत, सही केली आणि पाकीट स्वतः चिकटवलं. मंगळवारी ते पोचलंसुद्धा.

टेस्टरबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच मी म्हणायचे, ताईंच्या टायपिंगमध्ये दोन तासांत एकही चूक नाही, हे कसं काय?" तीन वर्षं पोटात ठेवलं बाईने. खिडकीची खोली मी सोडली. तिलाच मिळाली. लगेच कुंडी घेऊन आली, आणि आईला फोन करून विचारलं, पाणी कधी घालायचं. आईने फाईल उघडून सांगितलं. मी आता जिन्याजवळ बसते, तुझ्या जुन्या जागी. इथून खालच्या चांभाराची हातोडी स्पष्ट ऐकू येते, तू कधी तक्रार केली नाहीस ती.

भावजींना सांगितलं तेव्हा ते रंधा खाली ठेवून म्हणाले, "हे लाकूड मला आधी दाखवायचं होतंस." नंतर जेवताना माझ्या ताटात स्वतःहून वाढलं. आईला सांगणं सगळ्यांत अवघड. ऐकून घेतलं, उठली, आणि दीड दिवस माझ्याशी बोलली नाही. पोळ्या मात्र मोजून तेवढ्याच करत होती, म्हणजे माझ्या धरून. तुला माहीत आहे तिचं.

काल संध्याकाळी तुझा फोन आला. पडद्यावर तुझं नाव बघितलं आणि माझा हात पुढे झाला नाही. लपवत नाही, घाबरले. आईने उचलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त आईची बाजू ऐकली. "हो." मग, "हो, तसंच म्हणाली." मग आई म्हणाली, "रडू नकोस गं," आणि लगेच, "बरं, रड."

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. दीड दिवसात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तिने नोकरीचं काहीच विचारलं नाही. तुझं पण नाही. एकच विचारत होती, परत परत. आई, म्हणजे मी खरंच सेव्ह केलं होतं?"

तिकडचा निकाल अजून लागायचाय. लागला की पत्र लिहायचं, असं आधी ठरवलं होतं. मग वाटलं, तोवर थांबले तर तुझ्या नोकरीच्या आडून माफी मागितल्यासारखं होईल. ती मिळो न मिळो, तू माझ्याशी बोल न बोल, घरी ये नाहीतर नको येऊस. तुला राग येईल तेव्हा तो मला पाठव, अर्धा गिळू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नाही. पण तू जे आईला विचारलंस त्याचं उत्तर आईने द्यायचं नव्हतं. ते माझ्याकडून, माझ्या अक्षरात, तुझ्याजवळ असायला हवं. म्हणून आज ऑफिसात ती जुनी प्रत पुन्हा उघडली, ती शेवटची कधी सेव्ह झाली ती वेळ बघितली आणि एकेक गाडी तपासली. उठून परत येऊन बघायची गरज तुला कधीच नव्हती.

हो, भिंगरी. तू सेव्ह केलं होतंस. शनिवारी, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. एकशे बेचाळीस गाड्या, एकही वेळ चुकलेली नाही.

हे लिहून देणारी,
तुझी ताई